समुद्रसपाटीपासून ०.९ किलोमीटरवर

मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. हवामानाच्या चौकटीत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतं : मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे तमिळनाडूपर्यंत, समुद्रसपाटीपासून ०.९ किलोमीटर उंचीवर, हवेच्या कमी दाबाचा पट्टा आहे. वादळी वारे, मेघगर्जना, काही ठिकाणी गारपीट. हिंगोलीचा किंवा वसमतचा शेतकरी त्यातला शेवटचा तुकडा तेवढा उचलतो. त्याचं बरोबरच आहे. याच दिवसांत हळद जमिनीतून निघालेली असते. कंद शिजवून झाले की ते दहा-पंधरा दिवस उघड्यावर उन्हात पसरून ठेवावे लागतात. या दिवसांत एक सर आली तरी कंदाचा रंग बिघडतो, आणि हळदीचा भाव रंगावर ठरतो. आभाळ भरून आलं की घरातली लहानथोर सगळी माणसं ताडपत्री घेऊन धावतात.

पण त्या वाक्यातला आकडाही सोडून देण्यासारखा नाही. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. म्हणजे हा पट्टा वाळत घातलेल्या हळदीच्या वर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर असतो. तिथे दोन दिशांचे वारे एकमेकांसमोर येतात. पश्चिमेकडून, उत्तरेकडून कोरडी तापलेली हवा येते आणि पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरची दमट हवा. त्या रेषेवर हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि दमट हवा वर चढली की ढग उभे राहतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा आणि विदर्भाला झोडपून काढणारी गारपीट अनेकांच्या स्मरणात आहे. अशा प्रत्येक दिवसाची सुरुवात जमिनीपासून पहिल्या एक-दोन किलोमीटरमधल्या वाऱ्यात होते.

तो वारा मोजायचा कसा? गच्चीवर फिरत्या वाट्यांचा वेगमापक बसवला तर दहा मीटरवरचा वारा कळतो. खळ्यात धान्य उपणणाऱ्याला तेवढा पुरतो. पण दहा मीटरवरचा वारा आणि पाचशे मीटरवरचा वारा यांचं पटेलच असं नाही. रात्री जमीन थंड होते, खालची हवा जड होऊन थिजते, झाडाचं पानही हलत नाही. त्याच वेळी तीन-चारशे मीटरवर वारा जोरात वाहत असतो, कारण त्याला जमिनीचं घर्षण अडवत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पावसाळ्यात तर एकाच गावावर वाऱ्याचे दोन मजले असतात. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सगळ्यात वेगवान असतो. दक्षिण भारतावर जुलैमध्ये पश्चिमेकडून वाहणारा असा खालच्या थरातला झोत आहे, हे पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. पुढे १९६९ मध्ये ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फाइंडलेटर यांनी तो प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत मागे नेऊन जोडला. याच ऋतूत चौदा-पंधरा किलोमीटरवर बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा झोत असतो; तो पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात ओळखला. म्हणजे आषाढात औंढा नागनाथाच्या कळसावरून जाणारे खालचे ढग पूर्वेकडे निघालेले असतात, तर अगदी उंचावरचे पिसाऱ्यासारखे ढग पश्चिमेकडे. ढगांमध्ये फट पडली तर हे डोळ्यांनीही दिसतं, आणि पाहण्यासारखं असतं.

हे सगळं शोधलं गेलं ते फुग्यांच्या जोरावर. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा आणि दुर्बिणीने किंवा रेडिओने त्याचा माग काढायचा. फुगा जिकडे वाहत गेला तिकडे वारा. आजही छत्रपती संभाजीनगर, नागपूर, हैदराबाद अशा केंद्रांवरून फुगे जातात, जगभर ठरलेल्या वेळांना, म्हणजे आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. फुग्याच्या मोजमापाला आजही तोड नाही. पण उन्हाळी वादळ दुपारी दोनला जन्मून चारला संपू शकतं, म्हणजे पहाटेच्या फुग्याला ते दिसत नाही आणि संध्याकाळच्या फुग्याला उशीर होतो. शिवाय फुगा नागपूरवरून सोडला तर तो नागपूरचा वारा सांगतो. हिंगोली तिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर आहे.

म्हणून वाऱ्याला हात न लावता, दुरून मोजण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी १८४२ मध्ये क्रिस्टियान डॉप्लरने मांडलेला नियम आहे : लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली. तीन वर्षांनी डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट याने नेदरलँड्समध्ये रेल्वेच्या उघड्या डब्यात तुतारीवादक बसवले, रुळांच्या कडेला सुरांचा पक्का कान असलेले संगीतकार उभे केले, आणि गाडी पुढून जाताना सूर किती चढतो-उतरतो ते टिपून घेतलं. याच बाइज बॅलटने पुढे वाऱ्याचा प्रसिद्ध नियमही दिला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असेल. डॉप्लर परिणाम तपासणारा आणि वाऱ्याचा नियम देणारा माणूस एकच असावा, याचं मला अजूनही नवल वाटतं. आपण पाठवलेल्या लहरींच्या प्रतिध्वनीवरून वारा ओळखता येईल, हे सुचायला मात्र आणखी शंभर वर्षं जावी लागली.

हवामान खात्याचं डॉप्लर रडार हे या पद्धतीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं रूप. फिरती तबकडी सूक्ष्मलहरींचे झटके सोडते. पावसाचे थेंब, गारा त्यांचा अंश परत पाठवतात. परत आलेल्या लहरींची वारंवारता किती सरकली यावरून थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत, आणि किती वेगाने, ते कळतं. थेंब वाऱ्याबरोबर वाहतात, म्हणून तोच वाऱ्याचा वेग धरतात.

यात तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही हिंगोलीला भोवतात.

नागपूरच्या दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारचं उदाहरण घेऊ. पहिली अडचण अशी की रडारला फक्त येण्या-जाण्याचा वेग कळतो, आडवा कळत नाही. नागपूरहून हिंगोली नैर्ऋत्येला. हिंगोलीवर वायव्येकडून सोसाट्याचा वारा सुटला, तर नागपूरच्या नजरेला तो जवळजवळ काटकोनात जातो आणि पडद्यावर शून्याच्या आसपास आकडा उमटतो. जवळच्या प्रदेशात यावर तोडगा आहे : रडार पूर्ण वर्तुळात फिरतं, एका बाजूला येणारा वेग, समोरच्या बाजूला जाणारा, त्या दोन्हींच्या चढउतारातून वाऱ्याची खरी दिशा काढता येते. अडीचशे किलोमीटरवरच्या एका तालुक्यासाठी ही युक्ती चालत नाही.

दुसरी अडचण गणिताची. एक झटका जाऊन प्रतिध्वनी परत येईपर्यंत दुसरा झटका सोडायचा नसतो, नाहीतर कुठला प्रतिध्वनी कुठल्या झटक्याचा हे कळत नाही. लांबचं पाहायचं तर झटके सावकाश सोडावे लागतात. पण वेग अचूक मोजायचा तर झटके भराभर हवेत. दहा सेंटिमीटरच्या रडारला दीडशे किलोमीटरपर्यंत पाहायचं असेल तर सेकंदाला २५ मीटरपर्यंतचा वेग निःसंदिग्ध कळतो. अडीचशे किलोमीटरपर्यंत पाहायचं ठरवलं तर ही मर्यादा १५ मीटरवर येते, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. वादळातला वारा त्याच्या पुढे सहज जातो, आणि पुढे गेला की रडार त्याला उलट्या दिशेचा वारा समजून बसतं. संगणक हे गुंते पुष्कळसे सोडवतात, पण मर्यादा उरतेच.

तिसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी. रडारचा किरण अगदी खालचा ठेवला, क्षितिजाच्या फक्त अर्धा अंश वर, तरी तो जसजसा पुढे जातो तसतशी जमीन त्याच्याखालून वळत जाते. हवेमुळे किरण थोडा खाली झुकतो. ते जमेस धरूनही अडीचशे किलोमीटरवर किरणाचा मध्य सुमारे सहा किलोमीटर उंचीवर पोचलेला असतो. हैदराबादचं रडार तर आणखी दूर आहे, त्याचा किरण आणखी वर. उभं राहिलेलं वादळ नागपूरला दिसतं, कारण मोठ्या ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटरवर जातो. पण ते वादळ ज्यातून उठलं तो ०.९ किलोमीटरवरचा पट्टा किरणाच्या पाच किलोमीटर खाली राहतो. तिथे काय चाललं आहे हे संगणकी प्रारूपं आणि दूरदूरच्या फुग्यांवरून अंदाजानेच ठरवावं लागतं.

रडारचं आणखी एक आहे. त्याला थेंब लागतात. ढग यायच्या आधीच्या निरभ्र सकाळी त्याला फारसं काही दिसत नाही. आणि गारपीट होणार की नाही हे ठरवणारा वारा नेमका त्याच सकाळी जमत असतो.

निरभ्र हवेतला वारा पाहणारं यंत्र म्हणजे विंड प्रोफायलर. त्याचं काम समजून घेण्यासाठी पुण्याला जावं लागेल. मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने घडवलेला विंड प्रोफायलर २००३ पासून पाषाणच्या हवामान खात्याच्या आवारात कामाला लागला. ४०४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी तो आकाशात सोडतो. फिरती तबकडी नाही. जमिनीवर मांडलेल्या अँटेनांची रांगोळीच म्हणा. लहरी कुठल्या दिशेने जायच्या हे विजेच्या संकेतांनी ठरतं : कधी सरळ वर, कधी पूर्वेकडे थोड्या कललेल्या, कधी उत्तरेकडे.

निरभ्र आकाशातून प्रतिध्वनी येतो तरी कशाचा? हवा कधीच एकसारखी नसते. सतत घुसळत असते, आणि त्या घुसळणीत कुठे ओलावा जास्त, कुठे कमी, कुठे ऊब जास्त. रेडिओलहरींना हा फरक जाणवतो. त्यांतही ज्या भोवऱ्यांची वीण रेडिओलहरींच्या अर्ध्या तरंगलांबीइतकी असते, त्यांच्याकडून आलेले प्रतिध्वनी एकमेकांत मिळून बळकट होतात. ४०४ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ७४ सेंटिमीटर, म्हणजे पाषाणच्या यंत्राला दिसतात ते ३७ सेंटिमीटरचे, हातभर अंतराचे हवेतले चढउतार. तेही चार-सहा किलोमीटर उंचीवरचे. भोवरे वाऱ्याबरोबर वाहतात आणि प्रतिध्वनीची वारंवारता सरकवतात.

किती सरकवतात? समजा, किरण उभ्या रेषेपासून १५ अंश कललेला आहे आणि वारा सेकंदाला १० मीटर. किरणाच्या दिशेने त्यातला अडीच मीटरच्या आसपासचा वेग येतो, आणि वारंवारता सरकते ती जेमतेम ७ हर्ट्झने. चाळीस कोटी आंदोलनांमध्ये सात! तेवढा फरक, आणि तोही अत्यंत क्षीण प्रतिध्वनीतून, हजारो झटक्यांची बेरीज करून वेगळा काढायचा. दोन-तीन दिशांचे असे आकडे एकत्र केले की प्रत्येक थरातल्या वाऱ्याची दिशा आणि वेग हाती येतो. एक किलोमीटरपासून सहा-सात, कधी त्याहून अधिक उंचीपर्यंत, तीनशे-तीनशे मीटरच्या थरांत, दिवसरात्र. फुगा दिवसातून दोनदा जातो. हे यंत्र तासातून अनेकदा बोलतं.

पाषाणला याच्या जोडीला ध्वनिवर्धकही आहेत, आणि हा भाग मला विशेष लोभस वाटतो. आवाजाची लहर वर सोडायची, तिची तरंगलांबी नेमकी ३७ सेंटिमीटर राहील अशी. मग रेडिओलहरी त्या आवाजाच्याच पाठीवरून परावर्तित होतात आणि आवाज किती वेगाने वर चालला आहे ते सांगतात. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. म्हणजे वाऱ्यासोबत वरच्या हवेचं तापमानही मिळालं, फुगा न सोडता. सुमारे नऊशे हर्ट्झचा आवाज. माणसाला स्पष्ट ऐकू येतो.

याच कुळातलं भारतातलं सगळ्यात भव्य यंत्र आंध्रात तिरुपतीजवळ गादंकी इथे आहे. ५३ मेगाहर्ट्झ, १,०२४ अँटेना, १३० मीटर लांब आणि तेवढंच रुंद अंगण, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू. त्याची पोच थेट मध्यांबरापर्यंत. पण हिंगोलीला तेवढ्या उंचीशी कर्तव्य नाही. पहिल्या दोन-तीन किलोमीटरसाठी लहान प्रोफायलर पुरतो. त्याहून खाली, काही शे मीटरपर्यंत, सोडार नावाचं यंत्र उपयोगी पडतं. ते रेडिओऐवजी आवाजच सोडतं आणि हवेतून परत येणारा मंद प्रतिध्वनी ऐकतं. पाऊस किंवा जोराचा वारा सुरू झाला की मात्र गोंगाटात त्याला ऐकू येईनासं होतं.

आणि मग लायडार : रेडिओच्या जागी लेझरचा प्रकाश. प्रकाशाची तरंगलांबी इतकी लहान की हवेत तरंगणारी धूळ, धूर, परागकण हेच त्याचे आरसे. मराठवाड्याच्या उन्हाळी हवेत धुळीची कमतरता नाही, त्यामुळे लायडारला इथे भरपूर प्रतिध्वनी मिळावा. परत आलेला प्रकाश मूळ लेझरच्या प्रकाशात मिसळला की दोघांच्या वारंवारतेतल्या फरकाचे ठोके उमटतात, आणि त्या ठोक्यांवरून वेग. दाट ढग आला की लेझरचं काही चालत नाही. पण ढगाच्या तळापर्यंत तो जे दाखवतो ते इतकं बारीक असतं की पवनचक्कीवाल्यांनी लायडार आपलासा केला आहे. गुजरातेत खंबातच्या आखातात समुद्रावरचा वारा मोजायला २०१७ मध्ये तो बसवला गेला.

लेझर उपग्रहावरही गेला. युरोपीय अवकाश संस्थेचा ‘इओलस’ २२ ऑगस्ट २०१८ ला निघाला आणि सुमारे ३२० किलोमीटर उंचीवरून, अतिनील लेझरने, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत वाऱ्याचे उभे छेद घेऊ लागला. किरणाच्या दिशेने सेकंदाला एक मीटर वाऱ्याने त्याच्या प्रकाशाची वारंवारता अब्जात सहा-सात भागांनी सरकत असे. हा फरक त्यात बसवलेल्या इंटरफेरोमीटरने, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या उपकरणाने, ओळखला. तीन वर्षांसाठी पाठवलेला हा उपग्रह जवळपास पाच वर्षं चालला, आणि २८ जुलै २०२३ ला त्याला ठरवून, सांभाळून वातावरणात उतरवून संपवण्यात आलं. युरोपच्या हवामान केंद्राने २०२० पासून त्याची मोजमापं रोजच्या अंदाजात वापरली होती.

आपल्या इन्सॅट-३डी मालिकेचे उपग्रह वेगळ्या वाटेने जातात. ते दर अर्ध्या तासाला चित्र घेतात. लागोपाठच्या चित्रांत ढगाचा तोच तुकडा किती सरकला ते मोजलं की वारा मिळतो, आणि ढगाच्या माथ्याच्या तापमानावरून त्याची उंची. निरभ्र मार्चमध्ये हिंगोलीवर ढग नसेल तर खालच्या थरातला वारा यातून मिळत नाही. ओशनसॅटसारखे उपग्रह समुद्राच्या पाण्यावर उठलेल्या बारीक लाटांवरून रडारने वारा ओळखतात. अरबी समुद्रावरचा मोसमी वारा किती जोरात आहे हे त्यातून दिसतं, पण ती पद्धत किनाऱ्यावर येऊन थांबते. ही सगळी साधनं जमेस धरली तरी हिंगोलीवरचे पहिले दोन किलोमीटर बऱ्याच अंशी मोकळेच राहतात.

आता याच जिल्ह्यात वाऱ्याची चौकशी करणारं आणखी एक घर येतं आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, टोकांना टांगलेले आरसे, आणि दोन भुजांतल्या लेझरच्या प्रकाशाची तुलना. इओलसमध्ये इंटरफेरोमीटर होता, हाही इंटरफेरोमीटरच. इथे मोजायची आहे ती आरशांमधल्या अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाहूनही कमी पडणारी तफावत.

नळीच्या आत हवा नाही, मग वाऱ्याचा संबंध काय? वारा इमारतीला ढकलतो. इमारतीचा पाया किंचित, डोळ्याला कधीच न दिसण्याइतका, कलतो, आणि त्याच्याभोवतीची जमीनही कलते. आरशांना हादऱ्यांपासून वाचवणाऱ्या यंत्रणेत भूकंपमापी असतात. जमीन कलली की गुरुत्वाकर्षणाचा थोडा अंश आडव्या दिशेत येतो, आणि भूकंपमापीला तो आडव्या हादऱ्यासारखाच भासतो. कल आणि हादरा यांतला फरक त्याला स्वतःहून कळत नाही. मग यंत्रणा नसलेला हादरा सावरायला जाते आणि आरसाच हलवते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या लायगोला वाळवंटी मैदानातल्या वाऱ्याने असंच छळलं, आणि तिथे वारा मोडण्यासाठी जाळीचं कुंपण उभारावं लागलं. त्याशिवाय हवेची घनता सतत बदलत असते आणि त्या बदलाचं स्वतःचं गुरुत्वाकर्षणही अतिशय कमी वारंवारतेला आरशांना ओढतं. पुढच्या पिढीच्या वेधशाळांसाठी हा प्रश्न अभ्यासला जातो आहे.

म्हणजे दुधाळ्याच्या माळावर वारा नीट मोजणं हे वेधशाळेच्या कामाचं आहे. इमारतीवर आदळणारा वारा गच्चीवरच्या वेगमापकाने कळेल. पण तो कधी सुटणार, दुपारच्या वादळातून थंड हवा खाली कोसळून जमिनीलगत केव्हा पसरणार, हे सोडार, लायडार किंवा लहान प्रोफायलरच थोडं आधी सांगू शकतो. तोच थर, तोच पट्टा. वसमतच्या अंगणात वाळणाऱ्या हळदीवरचाही तोच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’ला दोन हजार कोटी रुपये मंजूर केले, आणि निरीक्षणांचं जाळं दाट करणं हा त्याचा एक मोठा भाग आहे. जाळं विणताना नकाशावर रडारची वर्तुळं काढली जातील. माझं म्हणणं एवढंच की त्या वर्तुळांवर किरणाची उंचीही लिहावी. हिंगोली अडीचशे किलोमीटरच्या वर्तुळाच्या कडेला आली तरी ती खऱ्या अर्थाने वर्तुळात आलेली नसते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्यात पावसाची शक्यता असते, तापमान असतं, वाऱ्याचा वेग असतो. हा वेग जमिनीलगतचा. औंढ्याच्या माळावर एखादा लहान प्रोफायलर चालू झाला, तर पाचशे मीटरवरचा वारा सकाळी दहालाच पूर्वेकडून वाहू लागलाय का हे त्याच दिवशी कळवता येईल, आणि ताडपत्री दुपारच्या आतच हळदीपाशी नेऊन ठेवता येईल.